लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग नॉइज काढताना ३.४ गिगाहर्ट्झवर टिकतो, एक्स्पोर्टला मात्र २.४ वर घसरतो. बूस्टचा, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या वेगाचा, हिशोब काय?

कुजबुज:

नमस्कार मंडळी. मी ऑडिओबुकसाठी वाचन करते. रेकॉर्डिंगही माझंच, नंतरची साफसफाईही माझीच. लॅपटॉपात इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ८२५०यू हा प्रोसेसर आहे. इतकी वर्षं मी त्याच्याकडे टाइपरायटरसारखंच बघत आले, पण मागच्या आठवड्यात टास्क मॅनेजर (मशीन काय करतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) चुकून उघडा राहिला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

तिथे खाली ‘बेस स्पीड १.६० गिगाहर्ट्झ’ असं लिहिलंय. वर मोठ्या अक्षरात जो स्पीड दिसतो तो मात्र १.६ वर क्वचितच असतो. कधी ०.९, कधी २.७, कधी ३.३८. मी काही वाढवलेलं नाही, कुठलंही बटण दाबलेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. मागचा घूं आवाज काढून टाकणारा जो इफेक्ट मी वापरते, त्याला एका प्रकरणासाठी एकोणीस मिनिटं लागतात, आणि ती एकोणीस मिनिटं स्पीड ३.३९ वर खिळा ठोकल्यासारखा राहतो. पण नमुन्याच्या व्हिडिओचं एक्स्पोर्ट (तयार फाइल बनवणं) लावलं की सुरुवातीला ३.२, आणि मी चष्मा पुसेपर्यंत धाडकन २.४. मग शेवटपर्यंत २.४. लगेच दुसरं एक्स्पोर्ट लावलं तर ३.२ जेमतेम काही सेकंद दिसतो. मध्ये फोन आला, बोलून परत आले, तर पुन्हा पहिल्यासारखा तोरा.

मशीन बिघडलंय का? की ते माझ्यासारखंच, दुपारी कंटाळतं?

घाईत_आहे:

थर्मल पेस्ट (चिपची उष्णता धातूकडे नेणारा लेप) वाळली आहे. पाच वर्षांत वाळतेच. उघडा, जुनी पुसा, नवी लावा. विषय संपला.

सोल्डरगन:

विषय संपला नाही, हो. न बघता पेस्ट बदलायला सांगणं म्हणजे पेशंटची जीभ न बघताच औषध. बारा वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसलोय आणि ‘गरम होऊन स्लो होतो’ म्हणून आलेल्या लॅपटॉपांपैकी कितीतरी चक्क ठणठणीत निघाले आहेत. कुजबुज यांनी जे लिहिलंय ते वाचून मला तरी मशीन ठणठणीतच वाटतंय. उलट त्यांनी जी तीन निरीक्षणं टिपली आहेत (एकात स्पीड टिकतो, दुसऱ्यात उतरतो, विश्रांतीनंतर परत येतो) त्यांत बूस्टचं सगळं इंगित आलं.

आधी १.६ म्हणजे काय ते बघू. हा प्रोसेसरचा ‘नेहमीचा’ वेग नव्हे. ही हमी आहे. चारही कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) जड कामाला जुंपलेले असतील आणि लॅपटॉपला फक्त १५ वॅटची उष्णता बाहेर टाकता येत असेल, तरीही एवढा वेग मिळेल, असं इंटेल म्हणतंय. म्हणजे वाईटात वाईट दिवसाचा आकडा. आता सांगा, असा दिवस रोज उजाडतो का? बहुतेक वेळ तीन कोअर झोपलेले असतात आणि चौथा अर्धवट जागा. मग त्या १५ वॅटमधले बरेचसे शिल्लक पडतात. ही शिल्लक वाया न घालवता चालू कोअरला द्यायची, एवढीच टर्बो बूस्टची कल्पना.

२००८ च्या नोव्हेंबरात इंटेलच्या नेहेलेम पिढीच्या डेस्कटॉप चिप आल्या त्यांच्याबरोबर हे आलं. लॅपटॉपांत २००९ मध्ये. तेव्हाचा कोअर आय-सेव्हन ७२०क्यूएम मला आठवतो, कारण त्याचं वेळापत्रक तोंडपाठ करावं लागे: बेस १.६, तीन किंवा चार कोअर चालू असतील तर १.७३, दोन असतील तर २.४, एकटाच असेल तर २.८. पायऱ्या ठरलेल्या. १३३ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला गुणक लावायचा, गुणक वाढला की एक पायरी वर. तुमच्या चिपमध्ये हा ठोका १०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे ३.४ गिगाहर्ट्झ म्हणजे गुणक ३४. (जाता जाता: फार जुन्या डेस्कटॉपवर ‘टर्बो’ नावाचं खरंखुरं बटण असायचं, आणि ते मशीनला हळू करायला होतं! जुने खेळ ४.७७ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिलेले, नव्या मशीनवर ते इतके पळायचे की खेळता येत नसत. तेव्हा ‘मी बटण दाबलेलं नाही’ हे तुमचं वाक्य वाचून मला हसू आलं.)

हे ठरवतं कोण? विंडोज नाही. विंडोज फार तर ‘काम आहे, जोर लाव’ असा इशारा देतं. किती जोर लावायचा ते चिपच्या आतला एक छोटा नियंत्रक ठरवतो. नेहेलेममध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा इंटेलने अभिमानाने सांगितलं होतं की एकट्या त्याच्यातच दहा लाखांहून जास्त ट्रान्झिस्टर आहेत. एके काळी अख्खा ४८६ प्रोसेसर साधारण तेवढ्यात बसायचा. हा नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा चार गोष्टी बघतो: किती कोअर जागे आहेत, किती करंट ओढला जातोय, किती वॅट जळताहेत, तापमान काय आहे. चारही ठिकाणी जागा असेल तर गुणक वर. एकीकडे जरी भिंत लागली तर खाली.

आता तुमचा नॉइजवाला इफेक्ट. टास्क मॅनेजरच्या आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरची वेगळी चौकट बघा (एक कोअर विंडोजला दोन म्हणून दिसतो, म्हणून चाराच्या आठ). आठ चौकटींपैकी एका वेळी एखादीच भरलेली दिसेल, माझी पैज. असा इफेक्ट बहुधा एकाच धाग्यात चालतो, म्हणजे काम वाटून न घेता एका वेळी एकाच कोअरवर. एक कोअर ३.४ ने पळवायला सगळी चिप मिळून दहा-बारा वॅट पुरतात. १५ च्या आतच. मग तो एकोणीस मिनिटं काय, एकोणीस तास पळेल. कुणाचं काही देणं नाही.

एक्स्पोर्टला चारही कोअर लागतात. तिथे १५ वॅटमध्ये ३.२ होणारच नाही. पण दिसतो तरी कसा? तर उधारीवर.

लॅपटॉप बनवणारी कंपनी चिपला दोन मर्यादा सांगून ठेवते. पीएल-१ म्हणजे कायमची, तुमच्याकडे बहुधा १५. पीएल-२ म्हणजे थोड्या वेळापुरती, ती मोठी असते, मी याच चिपवर २५ पासून ४४ पर्यंत पाहिली आहे. आणि तिसरा एक काळाचा आकडा, त्याला टाऊ म्हणतात, लॅपटॉपांत बऱ्याचदा २८ सेकंद. लोक समजतात की २८ सेकंद बूस्ट मिळतो आणि मग घंटा वाजते. तसं नाही. चिप वापरलेल्या वॅटची सरकती सरासरी ठेवते. ताज्या सेकंदांना जास्त वजन, जुन्यांना उतरत जाणारं. ती सरासरी १५ च्या खाली आहे तोवर पीएल-२ पर्यंत खर्च करायला मोकळीक. १५ ला टेकली की अंथरूण पाहून पाय पसरायचे.

मशीन निवांत असताना समजा २ वॅट जळताहेत. एकदम ३० वॅटचं काम आलं तर सरासरी १५ ला पोचायला २८ नव्हे, सतराएक सेकंद लागतात. काम २० वॅटचंच असेल तर तीच मोकळीक छत्तीस सेकंद पुरते. सरासरी १५ वर आलेली असताना तुम्ही दहा सेकंदच थांबून पुन्हा ३० वॅटचं काम लावलंत, तर जेमतेम साडेसहा सेकंद. फोनवर बोलून आलात तर खातं पुन्हा भरलेलं. तुमचं दुसरं एक्स्पोर्ट आणि तो फोन, दोन्ही यात बसतात की नाही?

हे उष्णतेच्या स्वभावाला धरूनच आहे. तांब्याची नळी आणि पंख्याची जाळी गार असताना जास्तीची उष्णता पोटात घेतात. तापल्या की मग जेवढी बाहेर जाईल तेवढीच आत घेता येते. टाऊ हा त्या पोटाचा कागदावरचा अंदाज.

आता निदान. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट साधन घ्या, सेन्सरचा तक्ता उघडा, एक्स्पोर्ट लावा आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ (सगळी चिप मिळून जळणारे वॅट) व तापमान या दोनच ओळींकडे बघा. स्पीड उतरल्यावर पॉवर १५ च्या आसपास आणि तापमान आरामात असेल, तर ती पॉवरची मर्यादा. मशीन निरोगी. पण तापमान ९७-१०० ला चिकटलेलं आणि पॉवर १५ च्याही खूप खाली, तर मात्र धूळ, पंखा किंवा पेस्ट, आणि मग घाईत_आहे यांची मी माफी मागेन.

कुजबुज:

सोल्डरगन, माफी मागण्यातून वाचलात तुम्ही.

आठ चौकटींचं खरं निघालं. एका वेळी एकच भरलेली, आणि गंमत म्हणजे ती एक चौकट मधूनच जागा बदलते, संगीतखुर्चीसारखी. एक्स्पोर्टच्या वेळी घड्याळ लावून बसले. सुरुवातीला २६ वॅट, तापमान चढत ९१ पर्यंत. बावीस सेकंदांनी पॉवर १५ वर आली आणि स्पीड २.४. त्यानंतर तापमान हळूहळू उतरून ७४ वर स्थिर. तुम्ही सतरा म्हणाला होतात!

दुसरं म्हणजे, वॅट २६ वरून १५ झाले, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त कमी. पण स्पीड ३.२ वरून २.४, म्हणजे फक्त चतुर्थांश कमी. हे कसं?

आणि माझा खरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मी रेकॉर्डिंग करते तेव्हा लॅपटॉप त्याच खोलीत असतो. वाचताना मधूनच पंखा घरघरतो, काही काम चालू नसताना. एकदा तर ऐन मृत्यूच्या प्रसंगात. पाच ओळी पुन्हा वाचाव्या लागल्या आणि दुसऱ्यांदा तसं रडू आलं नाही. हाही बूस्टचाच प्रताप का?

पेंग्विनवाला:

वरचं उत्तर वाचून माझा एक जुना घाव ठसठसला म्हणून लिहितो. माझ्या लॅपटॉपवर एक दिवस स्पीड ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकला. काही करा, ०.७९. तापमान ४३. पॉवर ४ वॅट. म्हणजे सोल्डरगन यांच्या दोन्ही कसोट्यांत न बसणारा प्रकार. मी तीन दिवसांत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन वेगळ्या आवृत्त्या टाकून पाहिल्या, बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, हरलो. शेवटी कळलं की चार्जरच्या पिनच्या मधली बारीक तार तुटली होती. वीज येत होती, पण मशीनला ‘हा चार्जर किती वॅटचा’ हे कळत नव्हतं, म्हणून त्याने जिवाच्या भीतीने प्रोसेसरला ‘तू फार तापलायस’ असा खोटा निरोप पाठवायला सुरुवात केली. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवलं की स्पीड पूर्ववत! हे आधी करून पाहिलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

लिनक्सवाल्यांसाठी: टर्बोस्टॅट हे साधन चालवलं की प्रत्येक कोअरचा खरा वेग आणि पॅकेजचे वॅट एकाच तक्त्यात दिसतात. आणि बूस्ट बंद करायचा असेल तर इंटेल पीस्टेटच्या (वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरच्या) फोल्डरमध्ये ‘नो टर्बो’ नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहायचा. ० लिहिला की पुन्हा चालू. रीस्टार्ट नको, काही नको.

सोल्डरगन:

पेंग्विनवाला, ती मधली तार! माझ्याकडे अशी चार-पाच मशीन आली असतील, आणि त्यांतली एक-दोन आधी मदरबोर्ड बदलून मग आली होती.

कुजबुज, सतरा मी ३० वॅट धरून काढले होते. तुमचे २६ घाला, बावीस सेकंद बरोबर येतात. इतकं नेमकं जमेल असं मलाही वाटलं नव्हतं, कारण सुरुवातीचे २ वॅट मी अंदाजाने धरले होते. ७४ अंशांवर १५ वॅट म्हणजे पेस्ट उत्तम आहे. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

वॅट आणि वेगाचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा रेंगाळतो. चिपमधले ट्रान्झिस्टर म्हणजे अतिसूक्ष्म टाक्या समजा, प्रत्येक ठोक्याला भरायच्या आणि रित्या करायच्या. ठोके दीडपट केले तर खर्च दीडपट, इथवर सरळ आहे. पण टाकी कमी वेळात भरायची तर दाबही वाढवावा लागतो, म्हणजे व्होल्टेज. आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. समजा २ गिगाहर्ट्झला ०.८ व्होल्ट पुरतात आणि ३ ला १.० लागतात. वेग दीडपट झाला, व्होल्टेज सव्वापट, सव्वाचा वर्ग १.५६, आणि दोन्हींचा गुणाकार सुमारे २.३४. दीडपट कामाला सव्वादोन पटींहून जास्त वीज! शेवटची प्रत्येक पायरी सगळ्यात महाग. म्हणून उलट दिशेने येताना थोडा वेग सोडला की बरेच वॅट सुटतात. तेच तुम्ही बघितलंत.

तुमच्या पंख्याचं मूळही इथेच आहे. वाचताना काम चालू नाही असं तुम्हाला वाटतं. पण मागे अपडेट तपासणं, अँटिव्हायरस, ब्राउझरचा एखादा टॅब, काहीतरी दर थोड्या वेळाने एखादा सेकंद जागं होतं. चिप म्हणते, आलं काम, मार उडी ३.४ वर, संपव आणि झोप. हा विचार एरवी शहाणपणाचा आहे. लवकर संपवून गाढ झोपण्यात बऱ्याचदा वीज वाचते, आणि क्लिक केल्यावर मशीन चपळ वाटतं ते याचमुळे. पण त्या एका उडीत कोअरचं तापमान क्षणात वीस-पंचवीस अंश चढतं, आणि पंख्याचा कारभार भित्र्या माणसाच्या हातात असेल तर तो लगेच धावतो. धातू तापलेला नसतो, नुसती सिलिकॉनची चकती चमकून गेलेली असते. काही कंपन्या पंख्याला जरा थांबून उत्तर द्यायला शिकवतात. तुमच्या कंपनीने तसदी घेतलेली दिसत नाही.

उपाय साधा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये एक नवा प्लॅन बनवा, त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करा. बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी वेगवेगळा असतो, दोन्ही बदला. एक टक्का कमी केल्याने एक टक्का फरक पडेल असं वाटतं, पण १०० खाली आलं की विंडोज बूस्टच मागत नाही आणि चिप बेसवर, म्हणजे १.६ च्या आसपास बसते. आवाज रेकॉर्ड करायला तेवढा वेग भरपूर आहे. काही मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो, तसं असेल तर सांगा, पॉवरसीएफजी या विंडोजच्या आज्ञेने उघडता येतो.

कुणीतरी आता व्होल्टेज कमी करायचा सल्ला देईलच, म्हणून आधीच सांगतो. एके काळी तो छान उपाय होता. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला उघड झाला, व्होल्टेजशी खेळून चिपच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात असं दिसलं, आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी बऱ्याच मशीनवर ते दार बंद केलं. तुमची पिढी त्यातलीच आहे.

घाईत_आहे:

बरं, पेस्ट परत घेतो. पण मग दुकानात ‘४ गिगाहर्ट्झपर्यंत’ लिहिलेला लॅपटॉप घ्यायचा की नाही? त्या ‘पर्यंत’ला काही अर्थ आहे का?

सोल्डरगन:

अर्थ आहे, पण तो एका कोअरचा, गार मशीनचा, क्षणाचा आकडा आहे. दुरून डोंगर साजरे. माझ्या टेबलावर एकच चिप असलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवून बघितलेत. एकाची कायमची मर्यादा १५ वॅट, दुसऱ्याची २५, आणि लांबलचक कामात दुसरा सरळ पुढे निघून जातो. खोक्यावर दोन्हींचं नाव तेच. बाराव्या पिढीपासून इंटेल निदान दोन आकडे छापतं. कोअर आय-फाइव्ह १२३५यू घ्या: बेस पॉवर १५ वॅट, टर्बोची कमाल ५५. या दोन आकड्यांमधली दरी बघितली की कळतं, बाकी सगळं लॅपटॉपच्या बांध्यावर आहे. तेव्हा ‘पर्यंत’ वाचू नका. कुणीतरी अर्धा तास सतत काम लावून घेतलेली चाचणी शोधा आणि शेवटच्या दहा मिनिटांचा वेग बघा.

कुजबुज:

दोन प्लॅन केले. एकाचं नाव ‘कुजबुज’, दुसऱ्याचं ‘आरडाओरडा’.

कुजबुज प्लॅनवर स्पीड १.५७ च्या वर जात नाही. काल सलग पन्नास मिनिटं वाचलं, पंखा एकदाही बोलला नाही. रेकॉर्डिंगमध्ये शांततेच्या जागा जास्तीत जास्त मोठ्या करून ऐकल्या, तिथे फक्त माझा श्वास आहे.

मग एक घोळ केला. प्लॅन बदलायला विसरून नॉइजचा इफेक्ट लावला. एकोणीस मिनिटांचं काम एकेचाळीस मिनिटांत झालं. गणित करून बघितलं, ३.३९ भागिले १.५७, जवळजवळ तेच गुणोत्तर. म्हणजे इतके दिवस माझी अर्ध्याहून जास्त वाट बूस्टच वाचवत होता आणि मी त्याच्या नावाने इथे तक्रार घेऊन आले होते.

पण मजा अशी की त्या एकेचाळीस मिनिटांत घूं आवाज जवळपास नव्हताच काढायला. तो पंख्याचाच होता. आजचं प्रकरण मी इफेक्ट न लावताच पाठवलंय.